द्राक्षबियांच्या अर्काची बाटली: उघडण्याआधी आणि उघडल्यावर

आमच्या मावशीकडे दर दिवाळीला अमेरिकेहून एक बॅग येते. बदाम, चॉकलेटं, एखादा स्वेटर आणि तळाशी दोन-तीन प्लास्टिकच्या बाटल्या. एका वर्षी त्यात द्राक्षबियांच्या अर्काच्या कॅप्सूल होत्या. ‘अँटिऑक्सिडंट आहे, घेत जा,’ एवढंच मावसभावानं सांगितलेलं. मावशीनं मला फोन करून विचारलं, “हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?” मी उलट विचारलं, “तुझी रक्त पातळ करायची गोळी अजून चालू आहे ना?” या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे तिला कळेना. संबंध आहे, आणि बहुतेक बाटल्यांवर तो इतक्या बारीक अक्षरांत छापलेला असतो की चष्मा लावूनही दिसू नये.

जेवणाआधी की नंतर, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. खरं तर तो शेवटचा. आधीचे प्रश्न कोणते आणि ते कोणत्या क्रमानं विचारायचे, ते खाली लिहितो.

१. आधी औषधांचा डबा उघडा

बाटलीचं झाकण नंतर. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा आणि नावं कागदावर लिहा. काढे, चूर्णं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, हळदीच्या गोळ्या, हे सगळं त्यात आलं पाहिजे. ‘ते काही औषध नाही’ असं म्हणून वगळलेली वस्तूच नेमकी घोळ घालते.

यादीत वॉरफेरिन, अ‍ॅसेनोकुमेरॉल, एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची छोटी अ‍ॅस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी काही असेल, तर इथेच थांबा. द्राक्षबियांच्या अर्कामुळे रक्तातल्या प्लेटलेट्सचा चिकटपणा कमी होऊ शकतो. त्याच कामाची गोळी आधीच चालू असेल तर रक्तस्राव वाढण्याची शक्यता राहते. ज्यांना रक्त न गोठण्याचा विकार आहे त्यांनाही हेच लागू. डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय सुरुवात नको. फोटो दाखवला तरी चालेल, पण मागच्या लेबलाचा, पुढच्या द्राक्षांच्या चित्राचा नव्हे.

शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी दात काढायचा असला तरी, डॉक्टरांना या कॅप्सूलबद्दल सांगा. मोठ्या शस्त्रक्रियेच्या साधारण दोन आठवडे आधी असे अर्क बंद करायला सांगतात. भूल देणारे डॉक्टर विचारतात, “काही औषधं चालू आहेत?” आणि आपली माणसं “नाही” म्हणून मोकळी होतात, कारण कॅप्सूल ‘नैसर्गिक’ असते. वॉरफेरिनचा शोधसुद्धा कुजलेल्या गवतातल्या एका द्रव्यावरून लागला, हे त्या वेळी कुणाच्या मनात येत नाही.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. त्यांच्यासाठी ते सुरक्षित आहे असं म्हणण्याइतका अभ्यास झालेला नाही. मुलांना देऊ नये. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर विशेष जपून. त्याचं कारण पुढे येईल आणि ते जरा चमत्कारिक आहे.

लोहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. चहामुळे लोह अंगी लागत नाही असं म्हणतात, त्यामागे चहातली तुरट द्रव्यं असतात. द्राक्षबीतली द्रव्यं त्यांचीच भावकी. ती आतड्यात वनस्पतिजन्य लोहाला धरून ठेवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे ही तळटीप समजून सोडून देऊ नका. दोन्ही गोळ्यांत निदान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर आधी ते भरून काढा, अर्काचं नंतर बघू.

२. हातात नेमकं काय आलंय ते ओळखा

आपण बाजारातून जी द्राक्षं आणतो त्यांत बी नसते. थॉमसन सीडलेस, सोनाका, तास-ए-गणेश, शरद सीडलेस. नाशिक-सांगलीच्या बागांत वर्षानुवर्षं बिनबियांचीच चलती आहे. त्यामुळे द्राक्षाच्या बीत काही गुण आहे हे आपल्याला बाटलीवरूनच कळतं. जुन्या लोकांना मात्र बियांच्या काळ्या मनुका माहीत असतात. रात्री भिजत घालायच्या आणि सकाळी चावून खायच्या. ती बी दाताखाली फुटली की जी तुरट चव जिभेला आवळते, तीच या अर्काची मूळ वस्तू.

अर्काच्या बिया येतात त्या प्रामुख्यानं वाइनच्या आणि रसाच्या कारखान्यांतून. कॅबरने सॉव्हिन्याँ, शिराझ अशा वाइनच्या जातींत बी असते. रस काढल्यावर उरतो चोथा. त्यातून बिया वेगळ्या करून वाळवतात, पाण्यात किंवा पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात त्यांतली द्रव्यं उतरवून घेतात, गाळून आटवतात आणि शेवटी तांबूस-तपकिरी पूड करतात. फ्रान्स-इटलीसारख्या देशांत या चोथ्याचं करायचं काय हा मोठा प्रश्न होता. त्यामुळे हा धंदा टाकाऊतून टिकाऊ म्हणून वाढला. त्यात गैर काहीच नाही, कोंड्यापासून आपणही मांडे करतोच.

त्या पुडीतल्या मुख्य द्रव्यांना प्रोअँथोसायनिडिन म्हणतात. कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन या छोट्या रेणूंचे मणी ओवून केलेल्या या माळा. दोन-चार मण्यांच्या आखूड माळांना लेबलवर ‘ओपीसी’ हे नाव असतं. फ्रान्समधल्या बोर्दो इथले शास्त्रज्ञ झाक मास्केलिए यांनी १९४० च्या दशकात ही द्रव्यं पहिल्यांदा वेगळी केली, पण द्राक्षबीतून नव्हे, तर शेंगदाण्याच्या लाल सालीतून. पुढे त्यांनी पाइनच्या सालीकडे आणि मग द्राक्षबीकडे मोर्चा वळवला. शेंगदाण्याची ही साल लक्षात ठेवा.

बाटली घेताना तीन गल्लती होतात, त्यांतली पहिली द्राक्षबीच्या तेलाची. ते स्वयंपाकाचं किंवा अंगाला लावायचं तेल आहे. प्रोअँथोसायनिडिन तेलात विरघळत नाहीत, त्यामुळे तेलात ते जवळजवळ नसतातच. दुसरी गल्लत रेझव्हेरॅट्रॉल या वेगळ्याच द्रव्याची. ते मुख्यतः द्राक्षाच्या सालीत असतं, बीत नव्हे, आणि त्याची कॅप्सूल वेगळी मिळते. तिसरी गल्लत जास्त घातक आहे. ‘ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट’ नावाची वस्तूही ऑनलाइन दुकानांत शेजारीच दिसते आणि इंग्रजीत दोन्हींची आद्याक्षरं एकच. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाच्या नात्यातलं आंबट-कडू फळ. त्याचा द्राक्षाशी काही संबंध नाही. त्या अर्काच्या काही नमुन्यांत जंतुनाशक म्हणून वापरायची कृत्रिम रसायनं सापडलेली आहेत. नाव पूर्ण वाचा, आणि ‘व्हिटिस विनिफेरा’ हे द्राक्षवेलीचं शास्त्रीय नाव लेबलवर आहे ना ते बघा.

३. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा

‘क जीवनसत्त्वापेक्षा २० पट आणि ई जीवनसत्त्वापेक्षा ५० पट ताकदवान’ हे वाक्य या बाटल्यांसोबत वर्षानुवर्षं फिरतंय. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना आवरणारं द्रव्य. पण ही आवरण्याची ताकद परीक्षानळीतली आहे. नळीत रसायनं एकमेकांना थेट भेटतात. पोटात तसं होत नाही. सुटे मणी आणि दोन मण्यांच्या माळा थोड्याफार रक्तात जातात. लांब माळा आतड्यातून आत शिरतच नाहीत, त्या मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात. रक्तात फिरतात ते बहुतांशी हे तुकडे, आणि त्यांचं वागणं मूळ द्रव्यासारखं असेलच असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पूर्वी खाद्यपदार्थांच्या अशा नळीतल्या ताकदीचा एक तक्ताच प्रसिद्ध केला होता. जाहिरातवाले त्याचा सोयीस्कर वापर करू लागले आणि त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसेना, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी तो काढून टाकला. आजही कुणी ‘ओरॅक’चा, म्हणजे त्याच नळीतल्या ताकदीचा, आकडा छापून पट वाढवत असेल तर त्या दुकानदाराचं वाचन बरंच मागे राहिलंय असं समजा.

जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त चांगलं, हे गृहीतकही फसलेलं आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. निकाल १९९४ मध्ये आला तेव्हा सगळेच चक्रावले, कारण अपेक्षा नेमकी उलटी होती. ते द्रव्य वेगळं, द्राक्षबीचा अर्क वेगळा. एकाचा दोष दुसऱ्यावर ढकलण्यात अर्थ नाही. पण त्या एका शब्दाच्या भरवशावर बाटली विकत घेण्यातही नाही.

४. कशासाठी घेताय ते एका ओळीत लिहा

‘तब्येतीसाठी’ चालणार नाही. काय मोजणार, ते लिहा. मोजता येण्यासारखं काही सुचत नसेल तर पैसे वाचवा. हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो रक्तदाबावर. २०११ मध्ये नऊ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा वरचा आकडा जेमतेम दीडनं उतरलेला दिसला, खालच्यात फरक नाही, कोलेस्टेरॉलमध्येही नाही. २०१६ मध्ये सोळा चाचण्या, एकूण ८१० माणसं, अशी बेरीज केली तेव्हा वरचा आकडा सरासरी सहानं आणि खालचा जवळपास तीननं उतरला. पन्नाशीच्या आतले, वजन जास्त असलेले आणि चयापचय बिघडलेले यांच्यात परिणाम जास्त दिसला. चाचण्या बहुतेक लहान आणि थोड्या आठवड्यांच्या. म्हणजे परिणाम असू शकतो, पण तो बेताचा. दाब १६० च्या वर असेल तर हा उपाय नव्हेच, दवाखान्यात जा. आणि चालू असलेली दाबाची गोळी या कॅप्सूलच्या भरवशावर कमी करू नका.

दुसरा उपयोग पायांच्या सुजेचा. नीला कमकुवत झाल्यानं संध्याकाळी पाय जड होणं, घोट्याशी सूज येणं, या तक्रारींसाठी फ्रान्समध्ये या अर्काचं औषध विकलं गेलं आहे. पुरावा फार भक्कम नाही, पण अगदीच हवेतला नाही. मोजायचं कसं? शिंप्याची टेप घ्या आणि रोज संध्याकाळी ठरावीक वेळी घोट्याचा घेर लिहा. मात्र एकाच पायाला अचानक सूज आली, दुखायला लागलं किंवा तो गरम लागला तर टेप ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती शिरेतली गुठळी असू शकते.

गोरेपणा, केस, तारुण्य, कर्करोगापासून बचाव असे दावेही दिसतील. यांतल्या कशासाठीही मी कुणाला ही कॅप्सूल सुचवणार नाही.

रक्तदाब मोजायचा असेल तर दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. टीव्हीवर वादविवाद चालू असेल तर तो आधी बंद करा. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट. सात दिवस असं करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, उरलेल्यांची सरासरी वहीत लिहा. कॅप्सूल सुरू करण्याच्या आधीचा हा आठवडा टाळला तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

५. लेबल उलटीकडून वाचा

पुढची बाजू जाहिरातीची, मागची कायद्याची. भारतात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ अंकी परवाना क्रमांक लागतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. ही वस्तू औषधी वापरासाठी नाही, असंही तिथे छापलेलं असलं पाहिजे. ते वाक्य मागे आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ हे पुढे, अशी बाटली दिसली तर दुकानातच ठेवून या. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका बघा. पुष्कळ कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं.

परदेशातून बॅगेत आलेल्या बाटलीवर यातलं काही नसतं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरक आहाराच्या गोळ्यांना बाजारात येण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही. ‘अमेरिकेची आहे’ म्हणजे तपासलेली आहे, ही आपली समजूत. तिथे यूएसपी किंवा एनएसएफ अशा संस्था स्वतंत्र तपासणी करून शिक्का देतात. तो असलेली बाटली मागवायला सांगा.

आता शेंगदाण्याची साल. २०१५ मध्ये बाजारातले द्राक्षबी अर्काचे २१ नमुने तपासल्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या नऊंत भेसळ होती, आणि त्या नऊंपैकी सहांत द्राक्षबीचा अंशही सापडला नाही. मुख्यतः शेंगदाण्याच्या सालीचा अर्क होता तो. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा इशारा यासाठीच. ही साल स्वस्त, रंग तोच, चव तशीच तुरट. साधी चाचणी फक्त एकूण पॉलिफिनॉल, म्हणजे वनस्पतींतल्या अशा सगळ्याच द्रव्यांची बेरीज, मोजते, त्यामुळे लेबलवरचा ‘९५ टक्के’ हा आकडाही बिनदिक्कत भरतो. पकडायचं कसं? द्राक्षबीत मणी एकेरी सांध्यानं जोडलेले असतात, शेंगदाण्याच्या सालीत बरेच दुहेरी सांध्यानं. प्रयोगशाळेत हा फरक दिसतो, घरी नाही. म्हणून विकणाऱ्याकडे त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा. देत नसेल तर दुसरा विकणारा बघा. कॅप्सूल फोडून पूड जिभेवर ठेवून बघायला हरकत नाही. तुरट लागली नाही तर ती नक्की संशयास्पद. मात्र तुरट लागली म्हणून ती खरी ठरत नाही.

आकड्यांचे दोन खेळही ओळखून ठेवा. ‘२४,००० मिलिग्रॅम’ असं मोठ्या अक्षरांत दिसलं तर मागे ‘१२०:१’ शोधा. म्हणजे कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅमच अर्क आहे, आणि तो १२० पट बियांपासून काढलाय म्हणून गुणाकार पुढे छापलाय. दुसरा खेळ ‘पॉलिफिनॉल’ आणि ‘ओपीसी’ यांतला. ९५ टक्के पॉलिफिनॉल म्हणजे ९५ टक्के ओपीसी नव्हे. दोन बाटल्यांची तुलना करायची तर एका कॅप्सूलमध्ये ओपीसी किती मिलिग्रॅम ते काढा आणि किमतीला त्यानं भागा. महागडी बाटली कधी कधी स्वस्त निघते, बहुतेक वेळा नाही.

६. सुरुवात, आणि थांबायची तारीख

रक्तदाबाच्या अनेक चाचण्यांत दिवसाला १५० ते ३०० मिलिग्रॅम अर्क दिलेला आहे. नवख्यानं १०० ते १५० पासून सुरू करावं. दोन आठवड्यांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ, डोक्याच्या त्वचेला खाज असं काही झालं नाही तर ३०० पर्यंत जावं. त्यापुढे जाण्यात मला काही फायदा दिसत नाही. माणसांवरच्या अभ्यासांत ११ महिन्यांपर्यंत हा अर्क निभावलेला आहे. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं, याचे असे अभ्यास नाहीत.

सोबत क जीवनसत्त्वाची मोठी गोळी घेऊ नका. दुकानात ही जोडी ‘डबल पॉवर’ म्हणून एकाच कॅप्सूलमध्येही मिळते, म्हणून मुद्दाम सांगतो. ऑस्ट्रेलियात उच्च रक्तदाबाचे उपचार चालू असलेल्या ६९ जणांवर एक चाचणी झाली. ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि १००० मिलिग्रॅम द्राक्षबी पॉलिफिनॉल ज्यांना एकत्र दिले, त्यांचा वरचा दाब सहा आठवड्यांत कमी व्हायच्या ऐवजी जवळपास पाचनं वाढला. लिंबू-आवळा खायला हरकत नाही, प्रश्न गोळीचा आहे.

सुरू करण्याच्या दिवशीच कॅलेंडरवर आठ आठवड्यांनंतरची तारीख लिहा. त्या आठवड्यात पुन्हा सात दिवस मोजमाप, पुन्हा सरासरी. दोन-तीन अंकांचा फरक म्हणजे काहीच नाही, एवढा तर झोप नीट लागली तरी पडतो. फरक ठळक असेल तर कॅप्सूल दोन-तीन आठवडे बंद करून पुन्हा मोजा. एका सहा आठवड्यांच्या चाचणीत बंद केल्यावर दाब परत पूर्वीच्या जागी गेला होता. तुमचाही गेला तर परिणाम कॅप्सूलचा होता असं धरायला जागा आहे. नाही गेला तर श्रेय बहुधा त्या दोन महिन्यांत कमी झालेल्या लोणचं-पापडाचं किंवा सकाळच्या फिरण्याचं. मोजमाप करताना कुणी तरी आपल्याकडे बघतंय म्हणून आपण शहाण्यासारखे वागतो, हे मी स्वतःच्या वहीत पाहिलंय.

काळे-निळे डाग विनाकारण पडायला लागले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, शौचाला काळी झाली, तर आठ आठवड्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. उरलेली बाटली शेजारच्या काकूंना देऊन टाकायची सवय आपल्याकडे आहे. ती देऊ नका, त्यांच्या औषधांच्या डब्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही.

आणि हो, जेवणाआधी की नंतर? ज्यांना चालतं त्यांनी जेवणानंतर घ्यावं, पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी तुरट द्रव्यांनी मळमळतं. लोह कमी असेल तर पालेभाजी-नाचणीच्या मुख्य जेवणाला धरून न घेता दुपारच्या खाण्यानंतर बरं. झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नको. दमटपणानं पुडीचे गोळे होतात.

मावशीच्या डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. ती बियांच्या मनुका खाते, चार-पाच, तेही आवडतात म्हणून. यंदाच्या बॅगेत हळदीच्या कॅप्सूल निघाल्या. या वेळी तिनं फोन केला आणि मी काही विचारायच्या आत गोळ्यांची यादी वाचायला सुरुवात केली.